चोवीस तारखेपर्यंत रिकामी गव्हाण

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला की थोड्याच दिवसांत घोडबंदर रोडच्या आणि वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये दोन मजली ख्रिसमस ट्री उभं राहतं. कापसाचा बर्फ, लाल टोप्या, सेल्फीसाठी रांग, दोनवर एक फुकट. मुलांना ते आवडतं आणि आवडू द्यावं. दिव्यांचं अप्रूप खोटं नसतं. मुलाला तिथून ओढत बाहेर आणायचं आणि रिक्षात बसल्यावर ‘खरा नाताळ हा नव्हे’ म्हणून सुनवायचं, यात काही हशील नाही. बाजाराला नावं ठेवून आजवर कुणी भक्ती शिकलेलं नाही.

बाजाराने नाताळातून काढून घेतली आहे ती वाट पाहण्याची सवय. मॉलमध्ये कॅरोल नोव्हेंबरातच सुरू होतात आणि २६ डिसेंबरला सगळं उतरवून नववर्षाच्या सेलचे फलक लागतात. चर्चचं पंचांग नेमकं उलटं चालतं. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत जो रविवार येतो, तिथून आगमनकाळ सुरू होतो. चार रविवार. धर्मगुरूंचा झगा जांभळा, वेदीवर फुलं बेताची, ‘ग्लोरिया’ हे देवाच्या गौरवाचं गीत म्हटलं जात नाही. सण सुरू होतो तो २४च्या रात्री, आणि पुढे जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. ज्या घरात हे चार आठवडे नीट पाळले गेले, तिथे पंचवीस तारखेला मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात ते खरेदीत गेले, तिथे त्या दिवशी कितीही सांगा, कानावरून जातं. म्हणून जे काही करायचं ते आधी करायचं, आणि मुलांच्या हातून करायचं.

ठाण्यातल्या मुलांच्या बाबतीत एक सोय आयतीच आहे. तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळापासूनचं चर्च ज्यांच्या नावाचं आहे ते संत योहान बाप्तिस्ता हेच आगमनकाळाचे मुख्य प्रवक्ते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्यांना विचारतात, मग आम्ही करायचं तरी काय? उत्तर अगदी रोखठोक आहे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, अन्नाचंही तसंच करावं. जकातदारांना सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. सहा वर्षांच्या मुलालाही कळेल इतकं सोपं हे आहे, आणि ते कपाट उघडून करता येतं.

पहिल्या रविवारी मुलाने स्वतःच्या वस्तूंमध्ये ‘दोन’ काय आहेत ते शोधावं. दोन स्वेटर, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन कंपासपेट्या, एकाच खेळाचे दोन संच. त्यातली एक द्यायची. कोणती, ते मुलाने ठरवायचं, पण फाटकी, चेन बिघडलेली, झाकण हरवलेली चालणार नाही. स्वेटर असेल तर धुऊन, बटणं तपासून, आत कागदावर अंदाजे वय लिहून ठेवायचा. इथे मोठ्यांची एक चूक हमखास होते. मुलाने आवडती बाटली दिली की आई-बाबांचा जीव कळवळतो आणि आठवड्याच्या आत नवीन बाटली घरात येते. मग मूल एवढंच शिकतं की दिलं तरी आपलं काही जात नाही. ती जागा निदान नाताळपर्यंत मोकळी राहू द्यावी.

आगमनकाळाची चार मेणबत्त्यांची चक्राकार आरास बहुतेकांना माहीत असते. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, आणि नाताळच्या रात्रीसाठी मधोमध पांढरी. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर साध्या मेणबत्त्यांना जांभळी फीत बांधावी. स्टीलच्या परातीत दोन बोटं वाळू घालून त्यात त्या रोवल्या की कलंडत नाहीत. बारीक मेणबत्ती तास-दोन तासांत संपते, म्हणून निदान अंगठ्याएवढ्या जाडीची घ्यावी आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच जाळावी. आपल्याकडे डिसेंबरातही पंखा चालू असतो. तो बंद करायला विसरलं तर मेण एका बाजूने ओघळतं आणि ज्योत पानांकडे झुकते. कडेची हिरवी पानं दर रविवारी बदलावीत, वाळलेली पेट घेतात. चौथ्या आठवड्यापर्यंत पहिली मेणबत्ती सर्वांत बुटकी झालेली असते आणि चौथी जवळजवळ अख्खी. किती थांबलो हे मुलांना त्यावरूनच दिसतं.

घरातल्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, मात्र निवांत वेळ द्यावा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून लोकांना बेथलेहेमची रात्र डोळ्यांनी दाखवली, तिथून ही प्रथा पसरली. त्यानंतर शंभर वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्यांच्याच संघाचे धर्मबंधू समुद्रमार्गे ठाण्यात पोचले होते, आणि १३२१ साली याच गावात त्यांना मारलं गेलं. ठाण्याच्या मुलांना हे सांगायला हवं. आपलं गाव या गोष्टीत किती जुनं आहे ते त्यांना कळेल.

गोठा विकत आणला तरी हरकत नाही, पण गव्हाण घरी करावी. आइसक्रीमच्या लाकडी काड्या किंवा काड्यापेट्या चालतील. बोटभर बाळ मावेल एवढी. ती पहिल्या रविवारी मांडायची आणि रिकामी ठेवायची. शेजारी वाटीत चार-चार इंच कापलेला भाताचा पेंढा. फळवाल्याकडे पेट्यांतला मिळतो, नाहीतर नारळाच्या झाडूचे हीर तासून बारीक काड्या कराव्यात. कुणाच्याही नकळत कुणासाठी काही केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळाचं अंथरूण असं तयार होतं.

ही प्रथा फार सुंदर आहे आणि फार लवकर बिघडते. घरात दोन मुलं असली की तिसऱ्या दिवशी ‘माझ्या सात, तुझ्या चार’ सुरू होतं. त्यावर उपाय म्हणजे गव्हाण एकच, काड्यांवर नावं नाहीत, मोजणी नाही, आणि मोठ्यांनीही आपल्या काड्या गुपचूप टाकायच्या. शाबासकी द्यायची नाही, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावं, कारण त्यांना राहवत नाही. दुसरी अडचण अशी की ‘आज चांगलं वागायचं’ एवढं सांगून मुलाच्या हाती काही लागत नाही. कामाला तोंड-शेपूट हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची दुधाची पिशवी वर नेऊन दे. वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाशेजारी डबा खा. ताईचे बूट पॉलिश कर आणि सांगू नकोस. अशा चिठ्ठ्या करून डब्यात ठेवाव्या, अर्ध्या मुलांनीच लिहिलेल्या. चॉकलेटचं कॅलेंडर विकत घेतलं असेल तर असू द्या, चिठ्ठी आधी आणि चॉकलेट नंतर.

बाळाची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत कपाटात. घरातल्या सर्वांत लहान मुलाने ती ठेवायची. बाळाच्या दर्शनाला भेटी घेऊन आलेले तीन राजे तर त्या दिवशीही गोठ्यात नसतात. ते दूर, पुस्तकांच्या फळीवर उभे करायचे आणि रोज वीतभर पुढे सरकवायचे. शुभवर्तमानात ते किती होते हे लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत, त्यावरून तीन मानले गेले. बैल आणि गाढवही लूकच्या कथेत नाहीत, तिथे फक्त गव्हाण आहे. मोठ्या मुलांना असे बारकावे आवर्जून दाखवावेत. पानं उलटून शोधायला ती तयार होतात.

गोठ्याभोवतीचं शेत मुलांना पेरू द्यावं. नवरात्रातला घट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवं काही नाही. फूटभर लांब-रुंद ट्रेला दीडशे ते दोनशे ग्रॅम गहू लागतात. घरातलेच घ्यावेत, बियाण्याच्या दुकानातल्या गव्हाला औषध चोळलेलं असू शकतं. रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधायचे, मोड दिसले की दोन बोटं माती किंवा कोकोपीट पसरून त्यावर दाट अंथरायचे आणि दोन दिवस ओल्या वर्तमानपत्राने झाकायचे. मग उजेडात. पेरणी १४ तारखेच्या सुमारास केली तर २४ला जेमतेम वीतभर, हिरवंगार, ताठ पीक उभं असतं. हौसेने १ डिसेंबरला पेरलं तर नाताळपर्यंत पिवळं पडून आडवं होतं, आणि मूल हिरमुसतं. ट्रेला खाली भोकं नसली की पाणी साचून दाण्यांवर पांढरी बुरशी येते, आंबूस वास सुटतो. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. रोज बघायचं आणि ओढून वाढवता येत नाही, हे मुलाला ट्रेसमोर उभं राहूनच कळतं.

बाल्कनीतला तारा दिवाळीच्या उरलेल्या कामट्यांतून होतो. दीड फुटाच्या दहा कामट्या, पाच-पाच बांधून दोन चांदण्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची आणि आतल्या पाच छेदबिंदूंमध्ये चार-पाच इंचांचे आडवे तुकडे अडकवायचे, म्हणजे तारा फुगतो. कामट्या कमी-जास्त लांबीच्या असल्या की तो एका अंगाला वळतो, मग कितीही ओढा, सरळ होत नाही. पतंगी कागदाला खळ पातळ लावली तर तो सुरकुततो आणि फाटतो. आत छोटा एलईडी दिवा. जुना पिवळा बल्ब तापून कागद करपवतो.

सांताक्लॉजबद्दल मुलं विचारणारच. त्याला घराबाहेर काढण्याची गरज नाही, त्याचं मूळ घर दाखवावं. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले बिशप संत निकोलस. परंपरेने चालत आलेली त्यांची कथा अशी की एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याची सोय करता येत नव्हती, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हुंडा म्हणजे काय ते आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. या कथेत देणारा कोण हे कळू नये म्हणून रात्र निवडली आहे. मॉलमधला सांता फोटोसाठी उभा असतो, निकोलस दिसू नये म्हणून धडपडत होते, एवढं मुलांपुढे ठेवलं तरी पुरे.

त्यांचा सण ६ डिसेंबरला. युरोपात त्या सकाळी मुलांच्या बुटांत संत्रं किंवा खाऊ सापडतो. आपल्या इमारतींत तर प्रत्येक दाराबाहेर चपलांचं स्टँड असतं आणि डिसेंबर म्हणजे नागपुरी संत्र्यांचा हंगाम. मजल्यावरच्या मुलांच्या बुटांत एकेक संत्रं ठेवायला डझनभर पुरतात. ६ तारीख आपल्याकडे महापरिनिर्वाण दिनाची असते, कितीतरी घरं पहाटेच दादरला निघतात. त्यामुळे संत्री ५च्या रात्री उशिरा ठेवलेली बरी. सोललेलं, साखरेचं काही ठेवू नये, मुंग्या आणि उंदीर आधी पोचतात. कागदी पिशवीत अख्खं फळ ठेवावं. सकाळी कुणी विचारलं तर मुलाने खोटं बोलू नये, नुसतं हसावं.

नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी कलकल, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचे तळून पाकात घोळवलेले गोड तुकडे. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती, घरांत नेवऱ्या, पेरूचं चीज, मिल्क क्रीम, फुगे असं बरंच होतं, पण लहान हातांना जमेल असा हा एकच प्रकार. अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम पातळ केलेलं लोणी, ५० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि मावेल तसं घट्ट नारळाचं दूध, साधारण दीडशे मिलीलीटर. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून चण्याहून मोठी नि सुपारीहून लहान अशा गोळ्या करायच्या. तूप लावलेल्या काट्याच्या पाठीवर गोळी अंगठ्याने चपटी करायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, की रेघांचा शिंपला तयार होतो. शेवटची कड दाबली नाही तर तेलात उलगडतो. पीठ उघडं राहिलं की वाळून चिरा पडतात. तळण्याचं काम मोठ्यांचं, मंद ते मध्यम आचेवर. तेल कडकडीत झालं की वरून तांबूस आणि आत कच्चं. पाकाला २०० ग्रॅम साखर आणि पाऊण वाटीहून कमी पाणी. एकतारी पाकात घोळवले तर चिकट राहतात, दोनतारी झाल्यावर गॅस बंद करून घोळवायचे आणि साखर पांढरी सुकेपर्यंत हलवत राहायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा दिवस कुरकुरीत राहतात.

अर्ध्या किलोला एकट्याने बसलं तर पाठ मोडते. मुलं, शेजारची मुलं, मावशी, आजी अशी सगळी टेबलाभोवती बसली की दुपार जाते, आणि शिकवणं होतं ते नेमकं या दुपारीच. हात कामात असले की मुलं प्रश्न विचारतात. येशू गोठ्यात का जन्मला? देव होता तर घर का नाही मिळालं? धर्मशिक्षणाच्या वर्गात तासभर गप्प बसलेलं मूल इथे बोलतं. उत्तर छोटं द्यावं आणि पुढची गोळी हातात द्यावी.

मग ताटं. दिवाळीत ज्या घरांतून फराळ आला त्यांची यादी मुलांनी करायची, कारण आलेलं ताट रिकामं परत करत नाहीत. त्या यादीत ज्यांच्याकडून काहीच आलं नाही अशी निदान दोन घरं घालायची: नव्याने राहायला आलेले भाडेकरू, तळमजल्यावर एकटे राहणारे काका. अंडं न खाणाऱ्यांसाठी एक घाणा अंड्याशिवाय करावा, दोन चमचे लोणी जास्त घालून, आणि तो वेगळ्या तेलात तळावा. ताट मुलानेच न्यायचं.

२४च्या संध्याकाळी लूकचा दुसरा अध्याय, पहिल्या वीस ओळी, मोठ्याने वाचाव्यात. चार-पाच मिनिटं लागतात. मराठीतून ही कथा ऐकण्याची परंपरा जुनी आहे, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. वाचताना ‘उतारशाळेत जागा नव्हती’ या शब्दांवर क्षणभर थांबावं. पुढे विचारावं, त्या रात्री जागं कोण होतं? रानात कळप राखणारे मेंढपाळ. राजाला नाही, पुजाऱ्यांना नाही, पहिली बातमी रात्रपाळीच्या माणसांना. आपल्याकडे रात्रपाळीला कोण असतं, हे मुलं स्वतःच सांगतात: सोसायटीचा वॉचमन, झाडूवाल्या मावशी, स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, सिव्हिल हॉस्पिटलमधली नर्स. वॉचमनकाकांचं नाव, गाव, त्यांना मुलं किती, हे आगमनकाळातच मुलाने विचारून घेतलेलं असावं. मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतताना त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा आणि डबा घेऊन जावं आणि पाच मिनिटं तिथेच उभं राहून आपणही तो चहा प्यावा. डबा खिडकीतून सरकवून लिफ्टकडे पळणं म्हणजे भेट नव्हे.

ध्वनिक्षेपकाच्या रात्री दहाच्या नियमामुळे पुष्कळ ठिकाणी मध्यरात्रीची मिस्सा लवकर सुरू होते, वेळ आधी विचारून घ्यावी. लहान मुलांना दुपारी झोपवावं. ख्रिस्ती नसलेली कितीतरी मराठी कुटुंबं या दिवसांत मुलांना गोठा दाखवायला चर्चमध्ये नेतात. जरूर न्यावं. मिस्सा चालू असेल तर मागे बसावं, फोटो नंतर. रांगेत दिली जाणारी पांढरी चकती प्रसाद नव्हे; ‘पहिलं कम्युनियन’ हा विधी झालेल्या कॅथलिकांसाठीच ती असते, त्या वेळी बाकावर बसून राहिलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

आणि मग अनाथाश्रम. नाताळात केक घेऊन जायचा मोह सगळ्यांनाच होतो. २५ डिसेंबरला अशा संस्थांत एकामागून एक गट येतात, मुलांना दिवसभरात अनेकदा तीच गाणी म्हणून दाखवावी लागतात, केक उरून वाया जातो, आणि फेब्रुवारीत दार वाजत नाही. त्यांच्यासोबत फोटो काढून ते टाकणं तर करूच नये. कुणाचं हलाखीचं बालपण आपल्या फोनमध्ये कायमचं राहतं. नेमकं सांगायचं तर ही भेट तीन राजांच्या सणानंतरची ठेवावी. ६ जानेवारीला, किंवा चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी असेल तेव्हा, राजे गोठ्यात पोचतात. हेरोद राजा, त्याने करवलेली तान्ह्या मुलांची हत्या, रातोरात मिसरला पळून गेलेलं कुटुंब हे सगळं दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना तेव्हा सांगता येतं. त्याहून लहानांना एवढंच, की बाळाला घर सोडावं लागलं आणि परक्या गावाने ठेवून घेतलं. नवी मुंबईत तर बहुतेक सगळेच कुठून तरी आलेले. आपले आजोबा कुठून आले, पहिली रात्र कुणाकडे काढली, हे त्याच बैठकीत विचारावं.

संस्थेला आधी फोन करायचा, आणि तो शक्यतो मुलाने करायचा: काय लागतं, किती, कोणत्या मापाचं. उत्तर बहुधा केक नसतं. तूरडाळ, कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड, ठरावीक मापाच्या चपला, कधी महिन्यातून दोनदा येऊन गणित शिकवणारं कुणीतरी. येऊरच्या पाड्यांवर ब्लँकेटं वाटायची असतील तर तिथे वर्षभर काम करणाऱ्यांना विचारून मगच जावं, नाहीतर एकाच पाड्यावर चार-चार ब्लँकेटं पडतात आणि वरच्या पाड्यावर एकही पोचत नाही. आगमनकाळात बाजूला काढलेला तो दुसरा स्वेटर याच फेरीत जातो. जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्या-दप्तरांसाठी पुन्हा फोन करायचा असतो. संस्थेचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये असून भागत नाही, तो मुलाच्या डायरीत जून महिन्याच्या पानावर लिहिलेला हवा.